‘प्रश्नांचे शतक’ ठोकणारा आमदार हवा की एकाच प्रश्नाला चिकटणारा?

कोरडवाहू (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर गेल्या आठवड्यात फ्लेक्स लागला. आमदारसाहेब माइकसमोर बोट वर करून उभे. खाली ‘अधिवेशनात प्रश्नांचे शतक!’ आणि त्याच्याही खाली नेहमीप्रमाणे तीस-चाळीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. चहा पिता पिता मला खाज सुटली. घरी येऊन विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून प्रश्नोत्तरांच्या याद्या उतरवल्या आणि दोन रात्री वाचत बसलो.

काय नाही त्यात! बिबट्याचे हल्ले, शाळांच्या गळक्या खोल्या, गुटखा, सोयाबीन खरेदी, एसटीच्या नादुरुस्त गाड्या, आणि मुंबईतल्या कुठल्याशा झोपु योजनेतला घोळ. आमच्या तालुक्यात तीन मजल्यांच्या वर इमारत नाही, आणि आमदार झोपडपट्टी पुनर्वसनावर चिंतित! मग लक्षात आलं, एकेका प्रश्नावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस सदस्यांची नावं आहेत. नावांचा परिच्छेद प्रश्नापेक्षा लांब. शतकातल्या बऱ्याच धावा समोरच्याच्या बॅटीतून आलेल्या.

आमच्या गावचा प्रश्नही सापडला. ग्रामीण रुग्णालयातलं एक्स-रे मशीन. थोडक्यात असा:

(१) सदर रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र मागील १४ महिन्यांपासून बंद आहे, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, त्यामुळे रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?
(३) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर: (१) हे अंशतः खरे आहे. (२) हे खरे नाही. (३) दुरुस्तीबाबत कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

अंशतः खरे म्हणजे काय? डावा हात दिसतो, उजवा दिसत नाही? आईचा पाय मोडला तेव्हा तिला टेम्पोत आडवी घालून ३८ किलोमीटर नेली होती. तेव्हा प्रश्न चांगलाच उद्भवला होता.

माझं म्हणणं एवढंच: आमदाराने दहाच प्रश्न विचारावेत, पण उत्तर आल्यावर सोडू नये. १९५७ चं उद्योगपती हरिदास मुंदडांचं प्रकरण घ्या. ४ सप्टेंबरला लोकसभेत रामसुभग सिंह यांनी साधा प्रश्न विचारला, की आयुर्विमा महामंडळाने कानपूरच्या एका उद्योगाचे शेअर घेतलेत का. उत्तर गुळमुळीत आलं. फिरोज गांधींनी ते उत्तरच पकडलं आणि डिसेंबरात सभागृह हादरवलं. हे दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे. सरकारी महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले होते. न्या. छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी घरी गेले. आता सांगा, फिरोज गांधींनी त्या वर्षी एकूण किती प्रश्न विचारले हे कोणाच्या लक्षात आहे का?

काळा कोट

साफ असहमत. तुम्ही दिलेला दाखला ऐकायला छान आहे, पण मुंदडा प्रकरणं दर अधिवेशनात सापडत नाहीत. लोकांच्या अडचणी मात्र रोजच्या असतात, आणि त्या एका खात्यात बसत नाहीत.

साधा कांदेवाला घ्या. रात्रीची वीज ऊर्जा खात्याकडे, कालवा जलसंपदाकडे, बाजार समिती पणनकडे, गारपिटीचे पंचनामे महसूलकडे, पोरीची शिष्यवृत्ती समाजकल्याणकडे. निर्यातबंदी तर केंद्राची, तिच्यासाठी खासदाराला दिल्लीत तोंड उघडावं लागतं. आता यातलं एकच निवडा म्हणून आमदाराला सांगायचं? तो पीएचडीला बसलेला नाही, त्याला साडेतीन लाख माणसांनी पाठवलंय.

दुसरं, छापील उत्तराला तुम्ही फार हसताय. मी वकिली करते. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, प्रश्नाचं एक उत्तर मी स्वतः जनहित याचिकेला जोडलं आहे. सरकारी वकील ‘अशी परिस्थितीच नाही’ म्हणत उभे होते आणि त्यांच्याच मंत्र्याने सभागृहात आकडा देऊन ठेवला होता. सहा महिने माहिती अधिकारात अर्ज-अपील करून जे मिळालं नव्हतं, ते त्या दोन ओळींत होतं. मंत्र्याने सभागृहात जाणूनबुजून खोटं सांगितलं तर हक्कभंग येऊ शकतो. भाषणात खोटं बोलायला तेवढी भीती नसते.

तुमच्या एक्स-रेच्या उत्तरातही ‘अंशतः खरे’ आहेच ना? म्हणजे मशीन बंद होतं हे सरकारने लिहून दिलं. तो कागद जपून ठेवा.

पेठेतला

वकीलबाई, तुमचा कागदावर फार विश्वास. इकडे गल्लीतल्या पोराला विचारा, तो सांगेल प्रश्न कशासाठी ‘लावतात’ ते. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, लागली की ठेकेदार येतो, भेट होते, आणि सभागृहात नाव पुकारलं की सदस्य जागेवर नाही. ऐकीव आहे, पुरावा मागू नका.

पण पुराव्यानिशी बोलायचं तर २००५ घ्या. डिसेंबरात छुप्या कॅमेऱ्यांनी पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार टिपले. २३ डिसेंबरला अकरा जणांची हकालपट्टी झाली, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. त्यातले दोन आपल्या खानदेशातले, जळगाव आणि एरंडोल. पत्रकारांनी खोट्या संघटनेच्या नावाने जे प्रश्न दिले होते त्यातलं एक रेल्वे इंजिन तर इंग्रजी कादंबरीतल्या नायकाच्या नावाचं होतं! म्हणजे आपण काय विचारतोय हे वाचायचेसुद्धा कष्ट नाहीत.

आणि हे काही कलियुगात सुरू झालेलं नाही. १९५१ मध्येच मुद्गल नावाचे खासदार मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेतात म्हणून संसदेतून गेले. प्रजासत्ताकाला दोन वर्षं पुरी व्हायची होती.

टिपणीबहाद्दर

धागा वाचून राहवलं नाही. चौतीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली अकरा मंत्रालयात कक्ष अधिकारी. कोरडवाहू, तुमचं ते ‘अंशतः खरे’ माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलेलं आहे.

कसं होतं सांगतो. अधिवेशन तोंडावर आलं की ‘एलएक्यू’चा, म्हणजे विधानसभेच्या प्रश्नांचा, मारा सुरू. वर लाल शाईत ‘विधानमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’. आम्ही ते आयुक्तालयाला पाठवायचं, ते जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला, आणि शेवटी ज्या रुग्णालयाचं मशीन बंद तिथल्याच कारकुनाच्या मोबाइलवर दुपारी दोनला निरोप: ‘माहिती आज चारपर्यंत’. तो बिचारा काय लिहिणार? ‘तंत्रज्ञ आठवड्यातून दोन दिवस प्रतिनियुक्तीवर येतात.’ ते वर चढत चढत माझ्या टेबलावर आलं की झालं ‘अंशतः खरे’. पूर्ण खरं लिहिलं तर साहेब विचारणार ‘मग जबाबदार कोण?’, आणि साफ खोटं लिहायची हिंमत नसायची.

आता गंमत ऐका. छापील प्रश्नाला आम्ही कधीच घाबरलो नाही. घाबरायचो ते उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या उपप्रश्नाला. मंत्र्यासाठी पूरक टिपणी करताना रात्री अकरा वाजायचे. समोरच्याला काय सुचेल याचा अंदाज बांधत बसायचं. आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवायच्या. ज्या सदस्याचा विषय पक्का, तो उभा राहिला की गॅलरीत आमची चुळबुळ सुरू. ज्याने शंभर प्रश्न टाकलेत तो उपप्रश्नात काय म्हणणार हे आधीच माहीत असायचं: ‘मंत्रिमहोदय चौकशी करणार का आणि किती दिवसांत?’ मंत्री म्हणणार ‘तपासून घेऊ’. की आम्ही कँटीनला.

तरीही मी कोरडवाहूंच्या बाजूने पूर्ण नाही. तो एलएक्यू गेला म्हणून तालुक्याच्या कारकुनाने त्या खोलीचं कुलूप तरी उघडलं असेल. बऱ्याचदा उत्तर तयार करता करता काम होऊन जायचं, कारण ‘काम झाले आहे’ लिहिणं सगळ्यांनाच सोयीचं.

म्हापशेकर

तुमच्याकडे २८८ आमदार आहेत म्हणून ही चैन परवडते. आमच्या गोव्यात सगळे मिळून ४०. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरातले आठ जण एका फटक्यात सत्ताधारी झाले आणि विरोधात उरले सात. सरकारात मंत्री बारापर्यंत असू शकतात. आता सातांनी बारांना धरायचं तर प्रत्येकाने खाण, जमिनी, कॅसिनो, म्हादई, नोकरभरती सगळंच विचारायला हवं. आमच्याकडेही एलएक्यूच म्हणतात, आणि जमिनींच्या रूपांतराच्या कितीतरी बातम्या त्या उत्तरांच्या जोडपत्रांतून बाहेर येतात. लहान विधानसभेत एकाच विषयाला चिकटून बसणारा आमदार बाकीची खाती सत्ताधाऱ्यांना आंदण देतो.

काळा कोट

म्हापशेकर, अगदी! आणि आपल्याकडेही आता वेगळं काय आहे? २०२४ च्या निकालात एकाही विरोधी पक्षाला २९ जागा, म्हणजे एकूण जागांचा दहावा हिस्सा, गाठता आल्या नाहीत, विरोधी पक्षनेतेपदाचं रडगाणं तिथूनच सुरू झालं. संख्या कमी असताना विषय वाटून घ्या म्हणणं म्हणजे अर्धं मैदान मोकळं सोडणं.

दुष्काळी पट्टा

गणपतराव देशमुखांचं नाव अजून कोणी घेतलं नाही? सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. आबांचा विषय म्हणजे पाणी. सरकारं बदलली, मंत्री बदलले, आबांचा प्रश्न तोच. ‘आबा, परत तेच का?’ असं मनात म्हणणारेही असतील, पण शेकापसारख्या लहान पक्षातून पन्नास वर्षं माणूस टिकतो तो उगीच नाही. कोरडवाहूंना +१.

पेठेतला

आणि समाजवादी खासदार मधू लिमये? पुण्यात जन्मलेला माणूस बिहारातून निवडून जातो आणि आयातीचे परवाने, परराष्ट्र, संसदेची नियमावली, कशावरही उभा राहतो. म्हणून उथळ होते का? दोन्ही जाती असतात. प्रश्न विषय किती हा नाही, घरचा अभ्यास किती हा आहे. (हे मी, सगळ्यांना चोर म्हणणारा, लिहितोय. नोंद घ्यावी.)

हिशेबनीस

आकड्यांचं हे वेड फ्लेक्सवाल्या आमदारापुरतं नाही. ‘संसदरत्न’ पुरस्कार बघा. कितीजणांना वाटतं तो संसद देते. तो चेन्नईची एक खासगी संस्था देते, २०१० पासून, आणि त्यात प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं मोजली जातात. मोजण्यासारखं तेच असतं म्हणून तेच मोजतात. तिकडे लोकसभेत दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न यादीत येतात, २३० अतारांकित. कोणाचा तारांकित लागणार ते सोडतीवर. तासाभरात तोंडी उत्तरं होतात चार-पाचांची. बाकीच्यांची उत्तरं पटलावर. म्हणजे ज्या उपप्रश्नाला टिपणीबहाद्दर घाबरायचे, तो विचारायची संधी मिळणं हीच लॉटरी.

त्यामुळे कमी विचारा हा सल्ला गणितातच बसत नाही. दहा तिकिटं काढणाऱ्यापेक्षा शंभर काढणाऱ्याचा नंबर लागण्याची शक्यता जास्त.

आणि जो तास आहे तोही कधी गायब होईल सांगता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन संसदेत प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला, फक्त लेखी उत्तरं ठेवली. दिल्लीतले विरोधक ओरडले. त्याच काळात मुंबईत दोन-दोन दिवसांची अधिवेशनं उरकली गेली, तिथे त्याच विरोधकांचं सरकार होतं, आणि ओरडायची पाळी दिल्लीतल्या सत्ताधाऱ्यांच्या आमदारांची. ज्याच्या हातात सत्ता, त्याला हा तास नकोसाच असतो.

कोरडवाहू

हिशेबनीस, तिकिटांचं गणित मान्य. पण मग फ्लेक्सवर ‘शंभर तिकिटं काढली’ असं लिहा की! लॉटरी लागल्यासारखे फटाके कशाला वाजवता?

काळा कोट, कागद जपून ठेवतो. तुमच्या कांदेवाल्याचं उदाहरणही पटलं. मी ‘दहाच’ म्हणालो ते रागात. पण टिपणीबहाद्दरांनी जे सांगितलं त्यावर कोणीच बोलत नाही: उत्तर येतं, ‘कार्यवाही सुरू आहे’, मग पुढच्या अधिवेशनात त्याच आमदाराने ‘त्या कार्यवाहीचं काय झालं?’ असं विचारलेलं मला एकाही यादीत दिसलं नाही. दोन वर्षांच्या याद्या चाळल्या मी. प्रत्येक वेळी नवा बिबट्या, नवी शाळा.

टिपणीबहाद्दर

त्यासाठी आश्वासन समिती असते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द तिच्याकडे नोंदला जातो. लोकसभेच्या समितीकडे तर कोणती वाक्यं आश्वासन धरायची याची यादीच आहे. ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ हीसुद्धा त्यात येतात, आणि तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते. हे बहुतेक सदस्यांना ठाऊक असतं, पाठपुरावा करणारे मोजके. तुमच्या प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख घ्या आणि आमदारांच्याच लेटरहेडवर समितीला पत्र द्यायला लावा. साहेब मंडळी लेटरहेडला नाही म्हणत नाहीत.

कोरडवाहू

आज सकाळी आमदारांच्या पीएला फोन केला. क्रमांक सांगितला, तारीख सांगितली, पान सांगितलं. तो म्हणाला, ‘थांबा हं, लिहून घेतो. कुठलं मशीन म्हणालात?’

उद्या यादीची झेरॉक्स घेऊन स्वतःच कार्यालयात जातोय. फ्लेक्स अजून तिथेच आहे, वाऱ्याने एक कोपरा सुटलाय.

काळा कोट

दोन प्रती न्या. एकीवर पोच घ्या, शिक्क्यासकट.