मदत हवी आहे: चार महिन्यांपूर्वी घरफोडी झालेलं घर भाड्याने घ्यावं का?

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते आहे. अर्धवट सांगून सल्ला मागितला तर सल्लाही अर्धवटच मिळतो.

मी आणि आई, दोघीच राहतो. आईला ७१ वर्षं पूर्ण झाली, गुडघ्यांमुळे जिना जमत नाही, म्हणून तळमजल्याचं घर शोधत होते. गेल्या आठवड्यात एक सापडलं. खोल्या हवेशीर, दवाखाना जवळ, माझ्या ऑफिसला थेट बस. अडचण एवढीच की मी रात्री साडेदहा-अकराला घरी पोचते आणि तोवर आई एकटी असते.

दुसऱ्यांदा घर बघायला गेले तेव्हा मागच्या दाराकडे लक्ष गेलं. चौकटीला रंग दिलेला होता, पण फक्त कडीच्या बाजूला. बोट फिरवलं तर रंगाखाली दोन खोल खाचा लागल्या. कोयंड्याचे स्क्रू नवे, बिजागऱ्यांचे मात्र गंजलेले. घरमालकांना विचारलं तर "लाकूड जुनं आहे" एवढंच म्हणाले. बाहेर पडताना समोरच्या काकूंनी हाक मारून सांगितलं की चार महिन्यांपूर्वी भरदुपारी हेच दार उचकटून चोरी झाली आणि भाडेकरू महिन्याभरात घर सोडून गेले. नंतर घरमालकांनीही ते मान्य केलं. त्यांनी लपवलं याचा राग आलाच, पण त्याहून जास्त लागलं ते हे की फुटलेल्या त्याच लाकडात तोच कोयंडा पुन्हा ठोकून दिलाय. माझ्या आईने त्या दाराच्या भरवशावर बसायचं.

मग आकडे शोधायला बसले. त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत दर लाख लोकसंख्येमागे चोऱ्यांचं प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. पहिल्यांदा धस्सच झालं. पण नकाशा उघडला तर त्याच हद्दीत मोठा बाजार आणि बसस्थानकही येतं. तिथे रोज हजारो माणसं येतात-जातात, खिसे कापले जातात, गाड्या चोरीला जातात, ते सगळं अंशात धरलं जातं. छेदात मात्र तिथे राहणारेच मोजले जातात. म्हणजे आमच्या गल्लीबद्दल हा दर काहीच सांगत नाही. बरं, फक्त गल्लीचा आकडा मिळाला तरी पंचाईतच. समजा वस्ती २००० लोकांची आहे आणि वर्षात ४ घरफोड्या झाल्या, तर दर लाखामागे २००. पुढच्या वर्षी ६ झाल्या की ३००, आणि "गुन्ह्यांत ५० टक्के वाढ" अशी बातमी होते. त्या दोन जास्तीच्या घरफोड्या एकाच चोराच्या एका आठवड्यातल्या असू शकतात.

शिवाय जे नोंदलंच जात नाही त्याचं काय? अमेरिकेत १९७३ पासून घरोघरी विचारून सर्वेक्षण करतात, "तुमच्याकडे चोरी झाली का, पोलिसांना कळवलंत का?" तिथे घरफोड्यांपैकी साधारण निम्म्याच पोलिसांपर्यंत पोचतात असं दिसतं. म्हणजे एखाद्या भागात लोक तक्रार करायला पुढे येत असतील, तर कागदावर तोच भाग जास्त वाईट दिसणार.

हे सगळं समजलं तरी माझा खरा प्रश्न त्या एका दाराचा आहे. एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा जास्त असते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असून हळूहळू ओसरते, असं अनेक अभ्यासांत आलंय. कारणही पटतं: चोराला वाट माहीत झालेली असते, आणि चोरीला गेलेल्या वस्तू लोक नव्याने घेतात हेही त्याला ठाऊक असतं. आजूबाजूच्या घरांनाही काही काळ हा धोका असतो.

यावर काम झालेलं एक ठिकाण वाचलं आणि जरा धीर आला. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८०च्या दशकात तिथे घरफोड्यांचा कहर होता. त्यांनी अख्ख्या वसाहतीवर पहारा बसवला नाही. ज्यांच्याकडे चोरी झाली त्या घरांवरच जोर दिला: कुलपं-चौकटी मजबूत केल्या, नाणी टाकून चालणारे विजेचे-गॅसचे मीटर काढले (चोर त्यातलेच पैसे पळवायचे) आणि त्या घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. तीन वर्षांत वसाहतीतल्या घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाल्या. पाच-सहा शेजारी, एवढंच. समोरच्या काकूंनी न विचारता मला हाक मारून सांगितलं, ते मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

काल रात्री अकरा वाजता मुद्दाम बसस्टॉपपासून घरापर्यंत चालत गेले. पुढचा रस्ता उजेडात आहे. मागच्या बोळातला दिवा बंद, आणि बोळाकडे तोंड असलेल्या घरांपैकी फक्त एका घराची खिडकी उघडी. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींत जादा दिवे लावून पाहिलं, तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले होते. पण आमची चोरी दुपारची! दिव्याने दुपारी काय होणार?

जाणकारांनी कृपया सांगावं:

चार महिने उलटून गेल्यावर पुन्हा चोरीचा धोका खरंच कमी झाला असं धरायचं, की दार तसंच कमकुवत असेल तर काळाचा हिशेब करण्यात अर्थ नाही? घरमालकांकडे चौकट बदलण्याची मागणी करारात लेखी घालता येते का, कोणी घातली आहे का? आणि चोर सापडला का, पुढे काय झालं, हे भाडेकरू म्हणून येणाऱ्या माणसाने ठाण्यात जाऊन विचारलं तर सांगतात का?

ताजा कलम: दोघांनी खिडक्यांना आणि मागच्या दाराला पक्की जाळी बसवायला सुचवलंय, आभार. पण आग लागली तर आईला पटकन बाहेर पडता आलं पाहिजे, तेही गुडघे धरून. आतून किल्लीशिवाय उघडणारी आणि बाहेरून हात घालून न उघडणारी जाळी कोणी वापरली असेल तर तिची कडी कशी असते ते नीट सांगा, जमल्यास फोटो टाका. कॅमेऱ्याबद्दलही विचारलंय. मला तो नकोसा नाही, पण तो चोरी दाखवेल, थांबवेलच असं नाही. आणि आई घरात असताना मला चोरीच थांबायला हवी आहे.

घरमालकांना रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.