घाटात अधूनमधून बंद पडणारी डिझेल गाडी: दोष पंपाचाच का?

प्रश्न: माझी कॉमन रेल (एकाच सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, उच्च दाबाने डिझेल साठवून ते इंजिनात फवारणारी) डिझेल गाडी खंबाटकी घाट चढताना, विशेषतः टाकीत डिझेल कमी असताना, ओढ सोडून बंद पडते आणि दहा मिनिटांनी काहीच न घडल्यासारखी सुरू होते. गॅरेजमध्ये उच्चदाब पंप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याआधी काय तपासावे?

पहिले उत्तर: एवढ्या महागड्या पंपाला आताच हात लावू नका. आपल्या गाडीच्या टाकीत विजेचा पंप नसेल, तर उच्चदाब पंपच डिझेल ओढून घेतो आणि वाटेतील बारीकशा चिरेतूनही हवा आत शिरते. फिल्टरनंतर तात्पुरती पारदर्शक नळी जोडून बुडबुडे दिसतात का, ते पाहावे.

दुसरे उत्तर: टाकीत पंप असल्यास मात्र, गाडी बंद पडलेली असतानाच त्याच्या जोडणीवर व्होल्टेज मोजावे, कारण तापल्यावर दगा देणारा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) थंड झाला की निर्दोष भासतो. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील नोंदी दाखवणाऱ्या यंत्रावर) रेलचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवून पाहावा. मात्र दाब घसरला म्हणजे पंपच खराब, असे नव्हे, कारण इंजेक्टरमधून (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागातून) परतीच्या नळीत जास्त डिझेल जात असले तरीही तो घसरतो. चालू इंजिनावर उच्चदाबाची नळी कदापि सैल करू नये; तिच्यातून उडणारी डिझेलची फवार त्वचा भेदते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टाकीत पंप नाही. बुडबुडे दिसले, फिल्टरकडे येणारी रबरी नळी क्लिपखाली चिरलेली होती.