मदत हवी आहे : सिरियाक भाषेतील ‘शकणे’ आणि ‘परवानगी असणे’

जाणकारांना नमस्कार. मी अभिजात सिरियाक (अरामी भाषेचे एक प्राचीन साहित्यिक रूप) शिकत असून सामर्थ्य आणि परवानगी दर्शवणाऱ्या क्रियापदांपाशी अडलो आहे. सामर्थ्यासाठी ‘मेश्कह’ आणि ‘मासे’ (उच्चार जवळपास आपल्या माशांसारखाच!) अशी दोन रूपे भेटतात. त्यांपैकी पहिल्याच्या धातूचा एरवीचा अर्थ ‘सापडणे’ असा आहे. पेशित्ता या सिरियाक बायबलमध्ये, ‘कोणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही’ या मत्तयाच्या वचनात (६:२४) ‘मेश्कह’ येते. उलट मार्क ६:१८ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान हेरोद राजाला भावाची बायको ठेवण्यावरून बजावतो, तेथे ‘ला शल्लीत लाक’, म्हणजे ‘तुला मुभा नाही’, अशी रचना आहे. ‘सुलतान’ हा शब्दही याच धातूच्या कुळातला. ‘लाक’ म्हणजे ‘तुला’ असल्याने ही रचना मला ‘तुला जाता येणार नाही’ या मराठी वाक्याइतकी जवळची वाटते; मात्र आपल्या ‘येणे’मध्ये सामर्थ्य आणि मुभा दोन्ही मिसळतात, तसे ‘शल्लीत’मध्ये होताना दिसत नाही.

माझे प्रश्न असे. ‘मेश्कह’ आणि ‘मासे’ यांत अर्थभेद मानावा, की तो केवळ लेखकाच्या पसंतीचा भाग समजावा? तसेच ईशान्य नव-अरामी बोलींत (अरामीच्या आजही बोलल्या जाणाऱ्या बोलींचा एक गट) ‘मासे’च्या वंशजापुढे दुसरे क्रियापदही कर्त्यानुसार चालवले जाते (‘मी शकतो, मी जावे’ अशा धर्तीवर). ही रचना आज ‘मी आत येऊ का?’ अशा परवानगीच्या प्रश्नासाठीही वापरतात, की तेथे ‘सोडणे, जाऊ देणे’ या अर्थाचा ‘श-व-क’ धातूच योग्य ठरतो? शक्य असल्यास बोलीचे नाव सांगून एखादे उदाहरण द्यावे, ही विनंती.