कंबरदुखी आणि शेक : तुमच्या घरी काय करतात?

दिचोलकरीण:
काल मामींच्या कुंपणाला रुई फुललेली पाहिली आणि आई आठवली. चवथीच्या आधी नेवऱ्या करून करून तिची कंबर धरायची. मग रात्री आजी रुईच्या पानाला खोबरेल लावून तव्यावर गरम करायची, ते कमरेवर आणि वर खडेमिठाची पुरचुंडी. दहा मिनिटांत आई झोपलेली असायची. आता माझी कंबर बोलायला लागली आहे. तुमच्याकडचे जुने-नवे शेक लिहा.

सत्तरीकर:
रुईचा चीक डोळ्याला लागू देऊ नका हां, डोळा जातो त्याने. हात आधी धुवा.
आमच्याकडे निर्गुडी. काजूच्या दिवसांत दिवसभर वाकून बोंडं वेचायची, संध्याकाळी न्हाणीत भाणात पाला उकळून ते कढत पाणी कमरेवर. बाबा वर फेणी चोळतात.

पेडणेकर:
चोळतात एवढीच ना? 😄

सत्तरीकर:
दादा, औषधाचीच!! पण फेणी लावून चुलीजवळ बसू नये, पेट घेते.

फोंड्याची फिजिओ:
छान धागा, ताई. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, हे आजीला बरोबर ठाऊक होतं. अंगाला चिकटवायचे पट्टे येतात त्यांत लोखंडाची पूड असते, हवा लागली की ती गंजायला लागते आणि साधारण 40 अंशांची ऊब कित्येक तास देते. 2006 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) अशा पट्ट्यांनी नव्या कंबरदुखीत थोडे दिवस थोडा आराम पडतो असं दिसलं, जोडीला व्यायाम केला तर आणखी. जुनाट दुखण्यासाठी पुरावा तोकडाच आहे. म्हणून शेक घेऊन पडून राहू नका, चालत-फिरत राहा.
आणि लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली तर शेकत बसू नका, तडक गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) गाठा.

म्हापशाची काकी:
नेवऱ्यांत खसखस घालता का हो तुम्ही? आमच्यात सारणात नुसतं खोबरं-गूळ.

दिचोलकरीण:
घालतो काकी, भाजून. वेगळा धागा काढूया 🙂

केपेकर:
आमच्या शेजारच्या आजोबांना मधुमेह. पायाकमरेला संवेदना कमी, गरम पिशवी लावून झोपले, सकाळी फोड. जखम भरता भरेना. कृपा करून अशा माणसांना शेक देताना आधी स्वतःच्या मनगटावर पिशवी लावून पाहा, टॉवेल गुंडाळा आणि शेजारी बसा. झोपताना पिशवी नकोच.

वास्कोवाली:
+१. रोज त्याच जागी शेकून माझ्या सासूबाईंच्या कमरेवर तपकिरी जाळी उमटली होती. डॉक्टरांनी शेक बंद करायला लावला तेव्हा हळूहळू फिकी झाली.
मी कटिबस्ती घेतली आहे. कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल भरतात, गार झालं की काढून पुन्हा गरम. फार बरं वाटतं, पण तेवढा वेळ पालथं पडणं सगळ्यांना जमत नाही.

सत्तरीकर:
बाळंतिणीला बाजेखाली निखारे ठेवायचे ते कोणाकडे अजून करतात का? आमच्या वहिनीला धुराने खोकला लागला, बाळालाही. आम्ही बंद केलं.

पेडणेकर:
बरं केलंत. फिजिओताई, आईला पेसमेकर आहे. मशीनचा शेक द्यायचा म्हणतात, चालेल?

फोंड्याची फिजिओ:
शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींनी आतून ऊब देणारं मशीन, अजिबात नको. दवाखान्यात पाऊल टाकताच पेसमेकरचं सांगा. घरी साधी गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं.