खिद्रापूरचा नंदी
भाषेवरून माणसाची, गावाची ओळख ठरते असं काही जण म्हणतात, म्हणून आमच्या शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूर आठवलं. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर अगदी कृष्णाकाठी आहे. त्यातले बहुतेक शिलालेख जुन्या कन्नडात, तर यादव राजा सिंघणाचा लेख संस्कृतात. आता यावरून गाव कुणाचं ते ठरवा!

त्याहून गंमत नंदीची. महादेवाच्या देवळासमोर नंदीच नाही. सती त्याच्यावर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, ती परत आली नाही. हा नंदी नदीपलीकडे यडूरला, असं आमच्याकडे मानतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत दोघांमध्ये सीमा आली, म्हणजे आज देव महाराष्ट्रात आणि नंदी कर्नाटकात. भाविकांना त्याचं काही वाटत नाही, ते दोन्हीकडे जातात.

कोपेश्वराच्या देवळापुढच्या स्वर्गमंडपात मात्र भर दुपारी जाऊन बघा. ४८ खांब, आणि वर छताला गोल मोकळं आभाळ. तिथं टेकून बसलेली माणसं एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात. पूर येतो तेव्हाही कृष्णा दोन्ही काठांवर सारखीच चढते. आमची ओळख विचारलीत तर आधी नदीचं नाव येईल, राज्याचं मागाहून.