गावात विधवा प्रथा बंदीचा ठराव झालाय पण हळदीकुंकवाला बोलवणं नाही, डिसर्टेशनमध्ये हे कसं पकडायचं?

समाजशास्त्र_सोलापूर
नमस्कार सगळ्यांना. मी सोलापुरात एमए करतेय, सेकंड इयर, विषय घेतलाय गावातली रूढी आणि सत्ता. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं ठराव केला ना, की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद, मग १७ मे ला शासनाचं परिपत्रक आलं आणि बाकीच्या गावांनीही ठराव करायला घेतले. या मोहिमेमागचे प्रमोद झिंजाडे तर आपल्या करमाळ्याचे. मी घेतलेलं गाव मोहोळ तालुक्यातलं, तिथंही ठराव झालाय.
अडचण अशी की ज्याला विचारावं तो म्हणतो ठराव लई चांगला, पुरुष म्हणतात, बायका म्हणतात, म्हाताऱ्या पण म्हणतात. आणि संक्रांतीला एका घरी हळदीकुंकू होतं तिथं मी बसले होते, तर त्या घरातली थोरली जाऊ, जिचा नवरा गेलाय, ती आत तिळगूळ डब्यातून ताटलीत काढून देत होती आणि धाकटी ते बाहेर आणून वाण वाटत होती, दाराच्या अलीकडं थोरली आलीच नाही. कुणी तिला अडवलं नव्हतं, ये म्हणालं पण नाही. माझ्या प्रश्नावलीत या बाईचं उत्तर आहे ‘ठराव मान्य’. आता मी यावर काय लिहू? गाईड म्हणतात सॅम्पल वाढव.

जुना_फील्डवर्कवाला
सॅम्पल वाढवून तेच उत्तर जास्त वेळा मिळेल बघ. तू मत विचारायलीस आणि रूढी मतावर चालतच नाही. सामाजिक रूढींवर लिहिणाऱ्या तत्त्वज्ञ क्रिस्टिना बिक्किएरी यांची मांडणी वाच, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस दोन गोष्टी बघून वागतो, बाकीचे काय करतात असं त्याला वाटतं आणि बाकीच्यांना त्यानं काय करावं असं वाटतं. म्हणून प्रश्न वेगवेगळे कर. तुम्ही स्वतः तिला कुंकू लावाल का? गावातल्या दहा बायकांपैकी किती जणी लावतील असं वाटतं? आणि लावलं तर कोण काय म्हणेल? पहिल्याला सगळ्या हो म्हणाल्या आणि दुसऱ्याला दोन-तीनच असं उत्तर आलं तर तुझं डिसर्टेशन तिथंच आहे, कारण सगळ्यांना मनातून पटलंय पण प्रत्येकीला वाटतंय की आपण एकटीच आहोत.
अजून एक, थेट ‘तुम्ही’ विचारण्यापेक्षा गोष्ट सांगून विचार. शेजारच्या गावात एक सुनीता आहे, नवरा वारलाय, तिनं जावेच्या मुलीला हळद लावली, मग सासू काय म्हणाली असेल? बायका भडाभडा बोलतात, कारण ते सुनीताबद्दल असतं.

बचतगट_ताई
मी गावात सीआरपी आहे, म्हणजे बचत गटांचं काम बघणारी कार्यकर्ती, गटाच्या मीटिंगा घेते. ताई तू गावात कुणासोबत फिरलीस ते आधी सांग. सरपंचाच्या घरचं माणूस सोबत असलं तर कोण म्हणणार ठराव नको म्हणून? एकटी जा, नाहीतर गटाच्या मीटिंगनंतर बस, दुपारी, पुरुष रानात असतात तेव्हा. आणि विधवा बाईला सासूसमोर काही विचारू नको गं, तू निघून जाशील आणि तिला तिथंच राहायचंय, राहतं घर सासऱ्याच्या नावावर असतं. माझं तर ठाम मत आहे की कुंकवाच्या आधी सातबाऱ्यावर तिचं नाव लागलंय का ते विचार. जिच्या नावावर रान आहे तिला लोक लवकर बोलवतात, हे मी गटात बघत आलेय.

पार_कट्टा
राजकारणाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ठराव कुणाच्या गटानं आणला? २०२२ पासून सरपंच परत थेट जनतेतून निवडायला लागले, त्यामुळं सरपंच एका गटाचा आणि सदस्य जास्त दुसऱ्या गटाचे असं बऱ्याच गावात होतं, मग पाण्याच्या टाकीवर जे भांडण तेच ठरावावर. ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बघायला माग, सूचक कोण, अनुमोदक कोण, बायकांच्या सह्या-अंगठे किती, आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते ती झाली का. मग विरोधी गटाच्या गल्लीत आणि सत्तेतल्या गल्लीत हळदीकुंकवाला कोण कोण गेलं ते वेगवेगळं लिहून काढ.
आणि ठराव मोडला तर दंड काय हेही बघ. सामाजिक बहिष्काराला २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हळदीकुंकवाला न बोलवणं याला बहिष्कार कुणी म्हणतच नाही, परिपत्रकानं तर नुसतं आवाहन केलेलं.

समाजशास्त्र_सोलापूर
खूप खूप आभार. सोबत सरपंचांचा पुतण्या होता, त्यांनीच पाठवला होता. ताई, मग मी त्याच बायकांकडं परत जाऊ का नवीन गाव घेऊ?

जुना_फील्डवर्कवाला
गाव बदलू नको. पहिली उत्तरं टाकूनही देऊ नको, पुतण्या असताना काय म्हणाल्या आणि नसताना काय म्हणाल्या हे शेजारी शेजारी ठेव, सत्तेवरचं प्रकरण त्यातनंच निघतंय. समाजशास्त्रज्ञ स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ साली जो सत्तेचा तिसरा पैलू सांगितला, की तक्रार मनात उठूच नये अशी सोय होते, तो इथं ताडून बघ. फक्त तिला तक्रार नाही असं लगेच समजू नको, ती गप्प असेल नुसती.

बचतगट_ताई
परत जा. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच, अजून दिवस आहेत. वही पिशवीतच ठेव, भाकरी थापताना बस जवळ. आणि त्या थोरल्या जावेचं नाव, गल्ली, पोरं किती हे काही लिहू नको, गावात एवढ्यावरनं ओळखतात.