टेस्टट्यूबमध्ये रंग बदलला म्हणून वनस्पती 'मधुमेहावर गुणकारी' कशी?

पिपेटवाली: दर थोड्या दिवसांनी बातमी येते, अमुक पाल्यात अँटिऑक्सिडंट भरपूर, मधुमेहावर गुणकारी. मी याच कामातली आहे म्हणून जास्त राग येतो. अँटिऑक्सिडंट मोजायची डीपीपीएच टेस्ट म्हणजे काय तर जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्क टाकायचा, ते पिवळं पडत जातं, ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती उतरला त्याचं रीडिंग घ्यायचं, झालं. साधा चहा टाकला तरी पिवळं होतं! पोटात गेल्यावर त्यातलं किती टिकतं, रक्तात किती उतरतं याचा पत्ताच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट आकड्यांची यादी २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढून टाकली ती याच कारणाने. आणि आपल्याकडे त्याच आकड्यांवर चूर्ण विकतात.

रानवाटा: डीपीपीएचबद्दल पटलं, पण सगळंच मोडीत काढू नका हो. पिष्टाची साखर करणारं अल्फा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम आतड्यातच काम करतं, ते अडवायला औषध रक्तात उतरायची गरजच नसते, मधुमेहाची अकार्बोजची गोळी हेच करते. सप्तरंगी या मधुमेहावर वापरतात त्या वेलीच्या जातकुळीतलं सॅलॅसिनॉल हे रसायन जपानी संशोधकांना नव्वदच्या दशकात सापडलं ते याच एन्झाइमची टेस्ट लावून. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधाची मुळंसुद्धा युरोपातल्या गॅलेगा या झुडपापर्यंत जातात. टेस्टट्यूबपासून सुरुवात नाही करायची तर कुठून?

पिपेटवाली: सुरुवात करा ना, कोण नको म्हणतंय. पेपर तिथेच संपतो आणि शेवटच्या ओळीत 'पुढील संशोधन आवश्यक' लिहून सगळे मोकळे होतात, भांडण त्याच्याशी आहे.

वैद्य_सातारा: माणसांवर काहीच झालं नाही असं कृपया पसरवू नका. विजयसार म्हणजे आपला बिवळा, त्यावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) चाचणी घेतली, १९९८ मध्ये छापून आली, नव्याने निदान झालेले ९७ पेशंट, १२ आठवडे, ६७ जणांची साखर आटोक्यात आली. अजून काय पुरावा हवा?

पिपेटवाली: वैद्यबुवा, त्या चाचणीत तुलनेला दुसरा गटच नव्हता. नवीन निदान झालेला माणूस घाबरून पथ्य पाळतो, चालायला लागतो, साखर त्यानेही उतरते, मग श्रेय बिवळ्याचं किती ते कसं ठरवणार? आशादायक म्हणा, सिद्ध म्हणू नका. आणि त्या अर्काचा डोस मोजूनमापून दिलेला होता, बिवळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात रोज किती उतरतं ते कोण मोजतंय?

वैद्य_सातारा: पथ्य हा आमच्या उपचाराचाच भाग आहे, तो वेगळा काढून औषध जोखायचं हेच मला मान्य नाही. बाकी गट हवा होता, हे ठीक.

देवगडकर: तुमचं चालूदे, पण सप्तरंगीचं औषध मुळात असतं, मूळ खणलं की वेल गेली. 'गुणकारी' छापून आलं की मागणी वाढते आणि आमच्या कातळसड्याकडेच्या रायांत कुदळी चालतात. टेस्ट करणाऱ्यांनी पानांवर, फांद्यांवर आधी काम करावं, तिथे तेच मिळालं तर मुळाला हात लावायचं कारणच उरणार नाही.

रानवाटा: देवगडकर, यावर वेगळा धागा काढा, मी लिहितो तिथे.